साध्या दिवशीच चालणारा पास

वार्षिक पास परवडतो की नाही हा प्रश्न आमच्या घरात मे महिन्यात निघाला आणि दिवाळी होऊन गेली तरी त्याने मला सुखाने जेवू दिलं नाही. पास कसला, तर हायवेला नव्याने झालेल्या एका पार्कचा. नाव सांगत नाही, त्यांची फुकट जाहिरात करायची माझी मुळीच इच्छा नाही. तिथे पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, आकाशपाळणा आहे, मान हलवून ओरडणारा सिमेंटचा डायनोसॉर आहे. काजूची झाडं तोडून, जांभा खणून, एक डोंगर सपाट केला आणि त्या जागी प्लास्टरचा खोटा डोंगर उभा केला. आमच्याकडे खऱ्या डोंगरांची काय टंचाई पडली होती कोण जाणे! समुद्र पायाशी असताना लाटा येणारा हौदही बांधलाय, आणि त्यात उतरायला वेगळे कपडे भाड्याने घ्यावे लागतात.

मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. नवरा मुंबईकडे, एका मोठ्या गोदामात सुपरवायझर. मुलगी चौथीत, माझ्याजवळ. सासूबाई पूर्णगडच्या अलीकडे गावी असतात, घर आणि हापूसची थोडी कलमं राखून. चार माणसं आणि तीन चुली, असा आमचा संसार आहे, आणि तो काही जगावेगळा नाही. आमच्या बिल्डिंगमध्येच असे आणखी दोन संसार आहेत.

नवरा शिमग्याला येतो, मे महिन्यात येतो, गणपतीला येतो, आणि रजा उरली तर दिवाळीला. आमच्याकडे कुणी मार्चमध्ये आलो होतो असं म्हणत नाही, शिमग्याला आलो होतो म्हणतात. पोरांची वयंसुद्धा गणपतींवर मोजतात. मुंबईला नोकरी करणाऱ्या माणसाचं वर्ष एवढंच असतं. मधले महिने म्हणजे गाडीतून दिसणारे बोगदे, ते कुणी मोजत नाही.

तर मे महिन्यात आम्ही तिघं मैदानावरच्या आंबा प्रदर्शनाला गेलो होतो. कोकम सरबत आणि फणसपोळीच्या मधोमध या पार्कवाल्यांनी स्टॉल मांडला होता. स्टॉलवर चांगला पन्नाशीचा गृहस्थ, गळ्यात टाय लावून. रत्नागिरीच्या मे महिन्यात टाय! मला तिथेच शंका यायला हवी होती.

"मॅडम, फॅमिली पास घ्या. चार वेळा आलात की पैसे वसूल, पाचव्यापासून सगळं फुकट," तो म्हणाला.

मुलगी तोवर पोस्टरवरच्या घसरगुंडीसमोर उभी राहून पप्पांचा हात धरून होती. ती काही मागत नव्हती. मागणारी मुलगी नाहीच ती. नुसती बघत होती आणि मधूनच पप्पांकडे मान वर करून बघत होती. नवऱ्याला तेवढं पुरलं. पण मी अशी लगेच भुलत नाही. मी म्हटलं, आधी बाजूला बसू आणि हिशेब करू.

आम्ही सरबत घेऊन बाकावर बसलो आणि त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "शिमग्याला एक खेप. मे महिन्यात दोन, एक आपली आपण आणि एक भावाची पोरं आली की. गणपतीत गौरी गेल्यावर एक. दिवाळीला आलोच तर आणखी एक. झाले की गो पैसे वसूल!" मीही मान डोलावली. हिशेब बरोबर होता. आमचं वर्ष जसं असतं तसंच आम्ही मोजलं होतं. तरी मी उठून त्या टायवाल्याला विचारलं, पत्रकावर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'अटी लागू' म्हणून लिहिलंय, त्या अटी कोणत्या?

"काही नाही हो मॅडम, नेहमीच्याच. दारू पिऊन यायचं नाही, बाहेरचं खाणं आणायचं नाही."

दारूचा प्रश्न नव्हता. बाहेरच्या खाण्याबद्दल मी तिथे गेल्यावर भांडणार होते, ते मनात ठरवून टाकलं.

मग त्याने नावं लिहून घेतली. कुटुंबप्रमुख म्हणून न विचारताच नवऱ्याचं नाव घातलं. मी म्हटलं, माझं घाला. लाइटबिल मी भरते, गॅसचा नंबर मी लावते, पाणी आलं नाही की नगरपरिषदेत मी जाऊन ओरडते. तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, मिस्टर समोर उभे असताना तुमचं कसं घालू?" हे तो अगदी गोड आवाजात म्हणाला. नवराही हसला. मुलीचा विरस नको म्हणून मी गप्प बसले, पण माझं डोकं तिथूनच तापायला लागलं होतं. तिघांचे फोटो काढले, पैसे घेतले आणि कार्ड घरपोच येईल म्हणाले.

कार्ड आलं तेव्हा नवरा मुंबईला परत गेलेला होता. चकचकीत कार्ड, पुढे आम्हा तिघांचे फोटो आणि मागे डायनोसॉर. डायनोसॉरच्या पोटाखाली बारीक ओळी होत्या. ग्रंथालयात काम केल्याने मला कुठल्याही वस्तूची मागची बाजू आधी वाचायची सवय लागली आहे. या खेपेला मागची बाजू पैसे दिल्यावर हातात आली, एवढाच काय तो फरक.

मे महिन्यात पास चालणार नाही. शिमग्याच्या दिवसांत चालणार नाही. गणपतीच्या दिवसांत चालणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत, नाताळात, शनिवारी, रविवारी आणि सरकारी सुट्टीला चालणार नाही. पावसाळ्यात पाण्याचे खेळ बंद राहतील. कुटुंबप्रमुख हजर असल्याशिवाय कुणालाही प्रवेश मिळणार नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ते पुन्हा वाचलं, मग मोठ्याने वाचलं. ही यादी करणारा माणूस नक्की आमच्यातलाच असणार, बाहेरच्याला एवढं नेमकं सुचलं नसतं. आमच्या घरातला पुरुष ज्या ज्या दिवशी घरात असतो, तो तो दिवस शोधून काढून त्याच्यावर काट मारली होती. उरलं काय? तर मुलांची शाळा असते आणि बापाचं काम असतं ते दिवस. म्हणजे पोराने शाळा बुडवायची, बापाने मुंबईहून काम टाकून यायचं, आणि दोघांनी मिळून भर पावसात कोरड्या घसरगुंडीकडे बघत बसायचं. पास कोणासाठी काढला होता मग? कोकणात राहून सणाला घरी नसणारी कुटुंबं किती, हे एकदा मला त्या टायवाल्याने सांगावं.

मी फोन लावला. तिकडे एक मुलगी होती, बोलायला फार गोड. "मॅडम, गर्दीच्या दिवसांत पास चालवणं आम्हाला कसं परवडेल?"

"आमचा माणूस गर्दीच्या दिवसांतच घरी असतो," मी म्हटलं. "ही गर्दी म्हणजे आम्हीच आहोत!"

"मग त्या दिवशी रोजचं तिकीट काढा ना मॅडम."

"मग पास कशाला काढला?"

"बाकीच्या दिवसांसाठी, मॅडम."

पंधरा दिवसांत परत केला तर निम्मे पैसे मिळतील, एवढी माहिती तिने आपण होऊन दिली. मी फोन आपटलाच. ग्रंथालयात कुणी पुस्तकाची पानं फाडून आणली तरी मी इतकी चिडत नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो गोदामातून नुकताच खोलीवर आला होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. तो सगळंच शांतपणे ऐकून घेतो, हाही एक माझ्या संतापाचा विषय आहे. मग म्हणाला, "जाऊ दे. परत करून टाक. निम्मे तर निम्मे. मे महिन्यात तिकीट काढून जाऊ."

"म्हणजे पुढच्या वर्षी?"

"पुढच्या."

मुलगी तिथेच जमिनीवर बसून फणसाच्या आठळ्या सोलत होती. तिने सगळं ऐकलं. उठली, हात धुतले, टेबलावरचं कार्ड उचललं आणि आपल्या कंपासपेटीत ठेवून दिलं. मग परत येऊन आठळ्या सोलायला बसली.

ते बघून मी ठरवलं की पास परत करायचा नाही.

का ते सांगते, कारण मी हट्टाला पेटले असं सगळ्यांनी म्हटलं आणि त्यात तथ्य आहे, पण नुसता हट्ट नव्हता तो. माझा नवरा सणाला येतो तो गावासाठी येतो, आमच्यासाठी नाही. गणपतीला मखर करायला तो, वाडीतल्या घरोघर आरत्या म्हणत फिरायला तो, रात्री भजनाला टाळ घेऊन बसायला तो. शिमग्याला पालखी खांद्यावर घेतली की आम्हाला तो लांबूनच दिसतो. मे महिन्यात आंबे काढायचे, पेट्या भरायच्या, कौलं परतायची, भावकीतल्या लग्नांत वाढायला उभं राहायचं. आईलाही मुलगा हवा असतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या सगळ्यातून मुलीच्या वाट्याला काय उरतं? जेवताना शेजारी बसलेले, तोंडात घास घेऊन कुणाशी तरी फोनवर बोलणारे पप्पा. तिला घसरगुंडीचं एवढं वेड नव्हतंच. तिला एक अख्खा दिवस पप्पा हवे होते, आणि ते त्या पार्कात गेल्याशिवाय मिळतील असं तिला वाटत नव्हतं, कारण तिथे पालखी नाही, भजन नाही आणि भावकी नाही.

तेव्हा मी दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सांगितलं की पास आपण वसूल करायचा. तुम्ही एक साधा दिवस काढून या. सण नको, सुट्टी नको, नुसता मधलाच एखादा बुधवार.

"साध्या दिवशी?" तो म्हणाला. कमरेचं सोडून बाजारात फिरून या असं मी सांगितलं असतं तरी तो इतका दचकला नसता. "साध्या दिवशी कसा येऊ? लोक काय म्हणतील?"

हे बाहेरच्यांना खरं वाटणार नाही म्हणून समजावून सांगते. आमच्याकडे मुंबईवाला साध्या दिवशी घरी येत नाही. आला तर त्याचे तीनच अर्थ होतात. घरात कुणीतरी गेलं, त्याची नोकरी गेली, नाहीतर जमिनीचं भांडण कोर्टात निघालं. नवऱ्याचे एक चुलते कधीतरी भर पावसाळ्यात सहज म्हणून गावाला आले, तर स्टँडपासून घरापर्यंत पोचेतो दोन बाया त्यांच्या गळ्यात पडून रडल्या. आधी रडून घेतलं आणि मग विचारलं, कोण गेलं म्हणून. चुलते त्यानंतर सण सोडून कधी फिरकले नाहीत.

"आणि रजा?" नवरा म्हणाला. "गणपतीची रजा मिळते, कारण ती नाही दिली तर अर्धं गोदाम नोकरी सोडून जाईल हे साहेबाला माहीत आहे. पार्कात जायचंय म्हणून रजा मागू?"

"मुलीला भेटायचंय म्हणून मागा."

"बघतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

जून गेला, जुलै गेला. मी दर आठवड्याला विचारायची आणि दर आठवड्याला काहीतरी असायचंच. माल यायचा असायचा, ऑडिट असायचं, एकाचं लग्न म्हणून दुसऱ्याने रजा घेतलेली असायची. गणपतीला तो आला. गावी जाताना पार्क वाटेत हायवेलाच होता, गाडीतून मुलीला आकाशपाळणा दिसला. कार्ड तिच्या कंपासपेटीत होतं आणि ते त्या दिवशी चालणार नव्हतं. ती तिकडे बघत राहिली आणि मी तोंडावर आलेले शब्द गिळले, कारण गाडीत दीर-जाऊ होते.

गावी स्वयंपाकघरात मोदक वळताना मी सासूबाईंकडे विषय काढला. वाटलं, त्या तरी माझ्या बाजूने बोलतील.

"अगो, पार्कात काय ठेवलंय येवढा?" त्या म्हणाल्या. "समुद्र हाय की म्होरं. नाय्‌तर पऱ्ह्याच्या पाण्यावर नेऊन आण तिला. त्याची रजा अशी वाया नको घालवू, शिमग्याला उपेगी पडेल."

"वाया?" मी म्हटलं. माझ्या हातातला मोदक चेमटला. "आई, मुलीबरोबर घालवलेला दिवस वाया जातो होय?"

"तसा नाय गो म्हटला मी," त्या म्हणाल्या आणि चेमटलेला मोदक माझ्या हातातून घेऊन नीट करत बसल्या. त्यांच्या नवऱ्यानेही हयातभर मुंबईच केली होती. त्यांनी कधी साधा दिवस मागितला असेल असं मला वाटत नाही, आणि त्यांनी तो मागितला नाही याचाही मला त्या क्षणी राग आला. त्यांनी तेव्हा मागून ठेवला असता तर मला आज एवढं भांडावं लागलं नसतं.

त्या रात्री आरत्या संपल्यावर नाही, भजनानंतरही नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर मी नवऱ्याला एकटं गाठलं आणि सांगितलं की आता मी विचारणार नाही. तुम्हाला जमेल तेव्हा या, नाही जमलं तर कार्डाची मुदत संपू दे. पण मग तुमच्या मुलीला तुम्ही स्वतः सांगायचं की ते का संपलं. माझ्याकडून निरोप जाणार नाही. तो कळशी हातात धरून उभा राहिला. मी चिडून रडते, तशी रडत होते, आणि त्याबद्दलही चिडले होते.

दिवाळीला तो आला नाही. दिवाळी होऊन शाळा सुरू झाल्यावर एका मंगळवारी त्याचा फोन आला. "उद्या सकाळच्या गाडीने पोचतोय. बिनपगारी घेतली." इतकंच बोलला. मी मुलीला सांगितलं, तर तिने आधी विचारलं, "आजीला बरं नाही का?" म्हणजे हे तिलाही कळायला लागलं होतं!

बुधवारी तो रिक्षातून उतरला तेव्हा खालच्या काकू तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी तांब्या तसाच ठेवला. "काय हो, एकदम? सगळं बरं आहे ना?" मी जिन्यातून ओरडून सांगितलं, "सगळं उत्तम आहे. पार्कात जायला आलेत." काकूंनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसला नाही. थोड्या वेळाने त्या वाटीभर उपमा घेऊन वर आल्या आणि आमच्या चेहऱ्यांकडे निरखून बघत म्हणाल्या, काही लागलं तर संकोच करू नका. आमच्याकडे सुतक असल्यासारखा तो उपमा ओट्यावर वाफाळत राहिला.

तेवढ्यात गावाहून फोन. रेल्वे स्टेशनवर वाडीतल्या कुणीतरी याला पाहिलं होतं आणि ती बातमी रिक्षापेक्षा आधी पोचली होती. सासूबाईंचा आवाज मला लांबून ऐकू येत होता. "खरा सांग मला. नोकरी गेली काय रे तुझी? त्याने बघितलान तुला, पिशवी घेऊन उतरलास ती. मी काय बोलणार नाय. नुसता सांग."

"नाय गेली गो आये. पोरीला भेटायला आलोय."

मग त्या म्हणाल्या, "पोरीला काय झालाय?"

मी हात कपाळाला लावला. एका माणसाने आपल्या घरी यावं आणि सगळ्यांनी आजार, मरण नाहीतर कर्ज शोधत बसावं, हा काय न्याय आहे? मला सगळ्यांचा राग आला. काकूंचा, वाडीतल्या त्या बघणाऱ्याचा, गोदामाचा आणि ज्याने कधी असं येऊन लोकांना सवय लावली नाही त्या माझ्या नवऱ्याचा.

आणि एवढं सगळं झाल्यावर मुलगी आतून बाहेर आली ती शाळेचा गणवेश घालून. दप्तर पाठीला, वेण्या घातलेल्या.

"अगं, आज शाळा नाही," मी म्हटलं. "मी चिठ्ठी देणार आहे. आज पार्कात जायचंय ना?"

"मला शाळेत जायचंय," ती म्हणाली. "पप्पा सोडायला येतील."

"शाळेत रोजच जातेस की!"

"पप्पा येतात तेव्हा शाळा नसतेच कधी."

मी तिच्याशी भांडले, खोटं कशाला सांगू. म्हटलं, या एका दिवसासाठी मी सहा महिने घसा फोडला, पप्पांचा पगार कापला गेला, कार्ड आज चालतंय आणि तुला आजच शाळा सुचली? ती मान खाली घालून उभी राहिली, पण दप्तर काढेना. नवरा मध्ये पडला. म्हणाला, सकाळी मी सोडतो, मधल्या सुट्टीत घेऊन येतो आणि तिथून पार्कात जाऊ. दुपारी गर्दीही कमी असेल. मी म्हटलं, करा काय करायचं ते, बाप-लेक एकदाचे एक झालात.

माझ्या स्कूटरवरून दोघं निघाले. मी खिडकीतून बघत होते. कोपऱ्यावर त्याने स्कूटर उजवीकडे वळवली, तेव्हा मागून तिने हात लांब करून डावीकडे दाखवलं. मुलीची शाळा नक्की कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं. चार वर्षांत माहीत करून घ्यायची वेळच आली नव्हती.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, म्हणून सकाळपुरती ग्रंथालयात गेले. मधल्या सुट्टीच्या सुमाराला फोन वाजला. वर्गशिक्षिका होत्या. आवाज दबका.

"ताई, एक गृहस्थ आलेत. तुमच्या मुलीला न्यायला आलोय म्हणतात, वडील आहे म्हणतात. सोडू का?"

"अहो, वडीलच आहेत ते!" मी जवळजवळ ओरडले. वाचनाच्या टेबलाशी बसलेली दोन मुलं मान वर करून बघायला लागली. "मुलगी सांगत नाही का?"

"ती सांगतेय हो. पण नुसत्या मुलांच्या सांगण्यावर आम्हाला शाळा चालू असताना कुणाबरोबर सोडता येत नाही. मी पहिलीपासून हिला शिकवतेय, मी यांना कधी पाहिलेलं नाही. शिपायांनीही ओळखलं नाही. दुसऱ्या एखाद्या मुलीच्या बाबतीत मी अशी सोडली असती तर तुम्हीच मला बोलला असतात."

मी भांडायला तोंड उघडलं होतं, पण भांडायला जागा नव्हती. त्यांचं काही चुकलं नव्हतं. फोनमधून मला नवऱ्याचा आवाज ऐकू आला. तो कुणाला तरी म्हणत होता, "अहो, खरंच. मी मुंबईला असतो." एकदा म्हणाला, मग पुन्हा तेच म्हणाला. आणि मुलीचा आवाज, रडवेला, मोठा: "माझेच पप्पा आहेत!"

"बाई," मी म्हटलं, "ते तिचे वडील आहेत. मी सांगतेय. सोडा तिला."

"तुम्ही सांगताय तर सोडते," त्या म्हणाल्या. "पण एकदा दोघं मिळून या आणि मुख्याध्यापकांशी यांची ओळख करून द्या. म्हणजे पुढच्या वेळी अशी पंचाईत व्हायची नाही."

पुढची वेळ कधी, ते मला माहीत नव्हतं. मी हो म्हटलं.